विश्लेषण : शोकांत सिनेमा पाहून मन हलके होते, मग भुशीचा व्हिडीओ पाहून का नाही?

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहात हुंदके देणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडीओ फोनवर फिरू लागले. शेवट काय होणार, हे महाराष्ट्रात कोणाला माहीत नव्हते? तरीही लोक तिकीट काढून रडायला गेले.

त्याआधी साडेसात महिने, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तो व्हिडीओही घरोघरी पाहिला गेला. पण तो पाहून कोणाला मोकळे वाटल्याचे ऐकिवात नाही.

रडल्यावर खरेच बरे वाटते?

वाटते, पण लगेच नाही. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१५ मधील अभ्यास याबाबत रंजक आहे. ‘लाइफ इज ब्युटिफुल’ आणि ‘हाची’ हे सिनेमे पाहून रडलेल्यांची मन:स्थिती आधी खालावली, २० मिनिटांत पूर्ववत झाली आणि ९० मिनिटांनी सिनेमाआधीपेक्षाही बरी झाली. म्हणजे थिएटरबाहेर डोळे लालच असतात, हलके वाटते ते घरी जेवायला बसल्यावर!

दुसऱ्या वर्षी ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना एकत्र बसवून शोकांत सिनेमा दाखवला. सिनेमाआधी आणि नंतर त्यांना भिंतीला टेकून, खुर्चीविना, बसल्यासारखे राहायला सांगितले. सिनेमानंतर वेदना सोसण्याची क्षमता सरासरी वाढली होती आणि सोबतच्या अनोळखी प्रेक्षकांबद्दल जवळीकही. यामागे मेंदूतील एंडॉर्फिन असावे, असा त्यांचा कयास आहे.

ॲरिस्टॉटलने याला ‘कॅथार्सिस’ म्हटले. त्याचा अर्थ भावनांची शुद्धी की निचरा, यावर अजून वाद आहे. आपल्याकडचे उत्तर जास्त नेमके वाटते. नाट्यशास्त्रानुसार शोक हा स्थायी भाव, तर करुण हा रस. पुढच्या भाष्यकारांनी ‘साधारणीकरण’ मांडले : रंगमंचावरचे दु:ख एकाचे उरत नाही, सर्वांचे होते.

कुरवंडे ते तुळापूर

भुशीच्या पुढे, नागफणीच्या पायथ्याशी कुरवंडे आहे. इंद्रायणीचा उगम इथलाच. याच कुरवंडे घाटाने उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेला २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडले. ती गोष्ट ऐकून छाती फुगते, डोळे भरत नाहीत.

हीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. संभाजी महाराजांच्या ११ मार्च १६८९ रोजीच्या हत्येशी या गावाचे नाव जोडलेले आहे. तिथे घसा दाटतो. त्या शोकाला ३३६ वर्षे मिळाली. बखरी, नाटके, शिवाजी सावंतांची कादंबरी, आता सिनेमा. प्रत्येकाने सांगताना आधीचा माणूस उभा केला, त्याने काय नाकारले ते दाखवले आणि मग शेवट केला. प्रेक्षकाला वाचवायचे कोणी उरलेले नसते, त्यामुळे त्याला निर्धास्तपणे रडता येते. शिवाय शेजारचाही रडत असतो.

व्हिडीओत काय नसते?

यातले जवळपास सगळेच. भुशीच्या व्हिडीओत माणसे कोण, कुठून आली, हे कळायच्या आत पाणी येते. ना सुरुवात, ना शेवट. बघणारा एकटा, बहुधा अंथरुणात. ‘धावा, दोर टाका’ असे शरीर सांगते आणि हातात फक्त फोन असतो. ती भीती कुठे जाणार? बोट पुढच्या रीलवर जाते आणि तिथे कोणीतरी मिसळ खात असते.

असे व्हिडीओ दाखवूच नयेत, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांचा एक उपयोग असतो : इशारा. तोही किती पोहोचतो, हा प्रश्नच आहे. भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. पुढच्या पावसाळ्यात, १५ जून २०२५ च्या रविवारी, याच इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्या वेळी पुलावर पर्यटकांची गर्दी होती.