हक्कसोडपत्र आणि तौबा

चांगल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे, म्हणजेच अम्र बिल मारूफ व नही अनिल मुनकर, हे मुसलमानांचे कर्तव्य आहे. सूरह आले इमरानमध्ये (३:१०४, ३:११०) ते स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे ‘दुसऱ्याच्या पापाशी माझा काय संबंध?’ असे म्हणून आपली सुटका होत नाही. प्रश्न असा आहे की आपण सावध कुणाला करतो आणि कशाबद्दल?

पोराचे केस, मुलीची ओढणी, लग्नातला बँड यांवर टोकणारे मोहल्ल्यात पुष्कळ भेटतात. त्याच मोहल्ल्यात बाप वारल्यावर बहिणींना कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. त्या भावाला मात्र कुणी टोकत नाही. तो पहिल्या सफमध्ये उभा असतो, रमजानमध्ये इफ्तार देतो, मशिदीच्या चंद्यात त्याचे नाव वर असते. गरिबाला टोकायला काही लागत नाही. याला टोकायचे तर संबंध बिघडतात.

सूरह निसामध्ये (४:७) मालमत्ता थोडी असो वा जास्त, स्त्रियांचा हिस्सा ठरलेला आहे. वारशाचे नियम सांगून झाल्यावर लगेच (४:१३-१४) या अल्लाहच्या मर्यादा आहेत, त्या ओलांडणाऱ्यासाठी आग आहे, असा इशारा येतो. १९३७चा शरीयत कायदा आला, त्यामागेही रूढीच्या नावाखाली मुस्लिम स्त्रियांचा वारसा डावलला जातो, हे एक मोठे कारण होते. त्या कायद्याला हात लागू नये म्हणून आपण सभा घेतो. घरात मात्र तो आपणच मोडतो.

‘बहिणीने खुशीने दिले,’ असे उत्तर मिळते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही खुशीची कशी? आधी हिस्सा तिच्या नावावर, तिच्या ताब्यात द्यावा. नंतर तिने परत दिला तर ती तिची भेट. ‘लग्नात खर्च केला,’ हेही उत्तर चालत नाही. लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे.

इथे तौबाही सोपी नाही. इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये तौबाच्या अटी दिल्या आहेत: पाप सोडणे, पश्चात्ताप करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. पाप एखाद्या माणसाच्या हक्काशी संबंधित असेल तर चौथी अट येते, त्याचा हक्क परत करणे. म्हणजे बहिणीची जमीन दाबून उमरा केला, शबे-कद्र रडून काढली, तरी ती जमीन मानेवर राहतेच. पण हिस्सा परत केला तर तौबाचे दार उघडे आहे. हे त्या भावाला सांगणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे, त्याची खैरख्वाही आहे.

सांगायचे कसे? चारचौघांत नव्हे, एकांतात, आणि जमले तर सही होण्याआधी. खुत्ब्यात सांगायचे तर नाव न घेता. प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीतही अशीच होती, ‘लोकांना काय झाले आहे’ असे म्हणून ते चूक दाखवीत, व्यक्तीला उघडे पाडत नसत.

जनाजाच्या वेळी मय्यतीवर कुणाचे कर्ज असल्यास वारसांना भेटावे, असे आपल्याकडे पुकारले जाते. त्याच वेळी इमामसाहेबांनी एक वाक्य जोडावे: मुलींचा हिस्साही वारसांवर बाकी आहे.