सात किलोंचं पांघरूण

खेड्यातल्या गुरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा खोडा असतो. बैलाला त्यात घातलं, मागून आडवा दांडा सरकवला, की डॉक्टर सुई टोचायला मोकळे. अमेरिकेतल्या रँचवर याच कामाला जो खोडा वापरतात, त्याच्या बाजू हलत्या असतात. दांडा ओढला की दोन्ही फळ्या जवळ येतात आणि जनावराला दोन्ही अंगांनी आवळून धरतात. 1960च्या दशकात टेंपल ग्रँडिन नावाची एक शाळकरी मुलगी अॅरिझोनात मावशीच्या रँचवर सुट्टीला गेली होती, तिने हे पाहिलं. बुजलेली काही गुरं आवळली गेली की चक्क शांत होतात, हे तिने हेरलं. ती स्वमग्न होती. कुणी मिठी मारली तर तिचा जीव घाबरा होई, आणि तरी कुणीतरी घट्ट धरावं ही ओढ होतीच. तिने मावशीला गळ घातली, मलाही यात घाल आणि दांडा ओढ.

मावशीने ऐकलं, हे विशेष. आमच्याकडे अशी मागणी कुणी केली असती तर आधी दृष्ट काढली असती.

त्यानंतर ग्रँडिनने स्वतःपुरतं तसंच एक यंत्र फळ्या ठोकून तयार केलं. कॉलेजात ते खोलीत ठेवण्यावरूनही कटकट झाली, मानसशास्त्रवाल्यांना त्यात भलतंच काही दिसलं. तिने हट्ट सोडला नाही, उलट इतर विद्यार्थ्यांवर त्याचे प्रयोग केले. पुढे त्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या आणि 1992 साली या दाबाच्या परिणामावर त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्या यंत्रातली एक सोय. दाब किती हवा, किती वेळ हवा आणि पुरे कधी, हे आतल्या माणसाने ठरवायचं. दांडा त्याच्याच हाताशी.

हल्ली ऑनलाइन दुकानांत 'वेटेड ब्लँकेट' म्हणून जे मिळतं, ते याच घराण्यातलं. स्वमग्न मुलांसोबत काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशी जड पांघरुणं फार आधीपासून वापरत होते. 2017 साली अमेरिकेत 'ग्रॅव्हिटी ब्लँकेट'साठी किकस्टार्टरवर सुमारे 47 लाख डॉलर जमा झाले, आणि थेरपिस्टच्या कपाटातली ही वस्तू एकदम सगळ्या निद्रानाश्यांच्या पलंगावर आली.

आमच्या कुटुंबात ती आली न्यू जर्सीहून. मावसभावाने डोंबिवलीच्या मावशीसाठी आणली. तेवीस किलोंच्या बॅगेत सात किलो एकटं पांघरूण. त्याच्या बायकोने ते अजून माफ केलेलं नाही. राखाडी रंगाचं, वीतभर चौकोनांत शिवलेलं. प्रत्येक चौकोनाच्या आत बारीक काचेचे मणी, जाडसर रव्याएवढे. हे चौकोन नसते तर सगळे मणी घरंगळून एका कोपऱ्यात जमा झाले असते आणि झोपणाऱ्याच्या पायावर पोतं पडल्यासारखं झालं असतं. उचलायला गेलं की ते हातातून ओघळतं, घडी घालायला दोन माणसं लागतात, आणि खोळ घालणं हा तर स्वतंत्र व्यायाम आहे. खोळीच्या आतल्या बंदांना पांघरुणाची टोकं बांधायची असतात, नाहीतर मध्यरात्री नुसती खोळ अंगावर आणि पांघरूण पायथ्याशी.

मी ते पांघरून पाहिलं, अर्थातच. पहिली काही मिनिटं थोडं गुदमरल्यासारखं होतं. मग खांदे सैल पडतात. कूस बदलणं हे आता काम होऊन बसल्यामुळे माणूस ते टाळतो, आणि ते टाळता टाळता स्थिर होतो. मला त्या रात्री छान वाटलं. झोप जास्त लागली का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

संशोधनातही हा पेच आहेच. स्वीडनमध्ये 120 जणांवर झालेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. नैराश्य, बायपोलर, चिंता, एडीएचडी यांसोबत निद्रानाश असलेली ही माणसं. निम्म्यांना धातूच्या साखळ्या शिवलेलं जड पांघरूण दिलं, निम्म्यांना प्लास्टिकच्या साखळ्यांचं दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड गटातल्या सुमारे 59 टक्के लोकांचा निद्रानाशाचा स्कोअर निम्म्यावर किंवा त्याखाली आला होता, हलक्या गटात जेमतेम 5 टक्क्यांचा. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण साखरेची गोळी देऊन रुग्णाला अंधारात ठेवता येतं, आठ किलोंचं पांघरूण अंगावर घालून कसं ठेवणार? आपल्याला खरा माल मिळालाय की नाही हे पहिल्याच रात्री कळतं, आणि स्कोअर भरायचा असतो आपणच. या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मात्र मला आवडली. आधी आठ किलोंचं पांघरून पाहायला सांगत, फार जड वाटलं तर सहाचं देत.

उप्साला विद्यापीठाचा 2022चा प्रयोग छोटा होता, 26 तरुण. शरीराच्या वजनाच्या सुमारे 12 टक्के वजनाचं पांघरूण घेतल्यावर झोपेआधीच्या तासाभरात लाळेतलं मेलाटोनिन हलक्या पांघरुणापेक्षा जास्त वाढलं. मेलाटोनिन म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक. पण झोपेचे तास वाढले नाहीत. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या मनगटाला यंत्रं बांधली होती. यंत्रांना झोपेत काही फरक दिसला नाही. तरीही मुलांनी आणि आईबापांनी पसंती दिली ती जड पांघरुणालाच. माझ्या मते हा निकाल सगळ्यात प्रामाणिक आहे. झोप मोजणारं यंत्र झोप मोजतं, पडून राहण्यातलं सुख त्याला कुठून कळणार?

इथे 'आमच्या आजीच्या गोधडीत हे सगळं होतंच' असं म्हणायची एक रीत आहे. मी म्हणणार नाही. जुन्या लुगड्यांचे थर घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ जड असायची खरी, पण तिच्या वजनासोबत ऊबही यायची, घोंगडीचंही तेच. आणि आमच्या वाकळीतलं निम्मं वजन तर शेजारी झोपलेल्या भावंडांच्या तंगड्यांचं होतं. काचेच्या मण्यांची करामत वेगळी आहे, ऊब फारशी न वाढवता वजन वाढवायचं. डोंबिवलीच्या मे महिन्यात ही करामतही अपुरी पडते. पंखा पाचवर, खिडक्या सताड उघड्या आणि अंगावर सात किलो, याला झोप म्हणत नाहीत. एसी नसलेल्या घरात हे घ्यायचं तर डिसेंबर-जानेवारीपुरतं.

उन्हाळ्यापेक्षा गंभीर प्रश्न ग्रँडिनच्या दांड्याचा आहे. पांघरूण स्वतःहून बाजूला सारता येतं का? ज्याला येत नाही, त्याच्यासाठी ते पांघरूण नाही. 2008 साली कॅनडात एका स्वमग्न शाळकरी मुलाला वर्गात जड पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं. त्याला बाहेर पडता आलं नाही, तो दगावला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022च्या सूचनांत तान्ह्या बाळाच्या अंगावर किंवा जवळपासही वजनाची पांघरुणं, दुपटी ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. झोपेत श्वास अडकणारे, दमेकरी, हातात जोर नसलेले म्हातारे, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. विकणारे अंगाच्या वजनाच्या दहा टक्के हे सूत्र सांगतात. ते सुरुवातीला ठीक; पण सत्तर किलोंची पहिलवान बाई आणि सत्तर किलोंची संधिवाताची आजी यांना एकच पांघरूण कसं चालेल?

नेमकं हेच मावशीच्या बाबतीत झालं. तिचा उजवा खांदा धरलेला. पहिल्या रात्री बाथरूमला जायची वेळ आली तेव्हा तिला ते डाव्या हाताने सरकवेना. काकांना हाक मारली, तर काकांची झोप वजनाविनाही अशी की ढोल बडवा. अखेर पायाने ढकलत ढकलत ती सुटली, आणि सकाळी न्यू जर्सीला फोन गेला. फोनवर काय बोलणं झालं ते मावसभावाने आम्हाला सांगितलेलं नाही.

पांघरूण परत मात्र गेलं नाही. आता ते चौपदरी घडी करून दिवाणखान्यातल्या खुर्चीवर असतं. संध्याकाळी मालिका सुरू झाली की मावशी ते मांडीवर ओढते आणि संपली की दोन्ही पायांनी खाली ढकलते. मधल्या काळात गुडघ्यांना बरं वाटतं म्हणते. त्या वेळात सोसायटीच्या वर्गणीसाठी बेल वाजली, किंवा नणंदेचा फोन आला, तर ती बसल्या जागेवरून काकांना ओरडून सांगते, "अहो, तुम्हीच बघा. मला उठता येतंय होय, सात किलो आहे मांडीवर!"