चौकट गेली, गोष्टीचे काय?



सिनेमाला आजवर एक चौकट होती. थिएटरचा पडदा असो की घरातला टीव्ही, दिग्दर्शकाने जेवढे दाखवले तेवढेच आपण पाहिले. आभासी वास्तवाच्या, म्हणजे 'व्हीआर' चित्रपटांनी ही चौकटच काढून टाकली आहे. डोळ्यांवर एक यंत्र चढवायचे. त्यात दोन्ही डोळ्यांपुढे किंचित वेगळी चित्रे असतात, म्हणून दृश्याला खोली येते. मान वळवली की दृश्यही वळते. प्रेक्षक गोष्टीसमोर बसत नाही, तिच्या मधोमध उभा राहतो. घरातली मुले याला खेळ समजतात. पण हा गोष्ट सांगण्याच्या रीतीचाच प्रश्न आहे, म्हणून वडीलधाऱ्यांनीही तो समजून घेतला पाहिजे.

२०१५ साली ख्रिस मिल्क आणि गाबो अरोरा यांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' हा सुमारे साडेआठ मिनिटांचा चित्रपट केला. सीरियातील युद्धामुळे परागंदा झालेली १२ वर्षांची सिद्रा आपल्याला जॉर्डनमधील झाअतारी छावणी दाखवते. त्याच वर्षी दाओसच्या जागतिक आर्थिक परिषदेत तो बड्या मंडळींना दाखवला गेला. पुढे युनिसेफने निधी गोळा करण्यासाठी त्याचा उपयोग केला. मिल्क यांनी तर या माध्यमाला सहवेदनेचे यंत्रच म्हटले.

इथेच थोडे थांबून विचार करावा. सिद्रा आपल्या शेजारी बसलेली दिसते, पण तिला आपण दिसत नाही. साडेआठ मिनिटांनी आपण यंत्र काढून चहा प्यायला मोकळे होतो. ती मात्र तिथेच राहते. दुःख जवळून पाहणे वेगळे आणि दुःखाचे कारण जाणणे वेगळे. चारी बाजूंनी दिसणारी छावणी, लोकांना तिथे कोणी आणले हे आपण होऊन सांगत नाही. ते सांगण्यासाठी सांगणाराच लागतो. डोळ्यांत पाणी आले म्हणजे काम झाले, असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

दुसरे उदाहरण पाहा. मेक्सिकोचे दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू यांनी २०१७ साली 'कार्ने इ अरेना' हे काम कान महोत्सवात मांडले. त्याला त्याच वर्षी विशेष ऑस्कर मिळाले. इथे एका वेळी एकच माणूस आत जातो. पायातले जोडे काढून वाळूवर अनवाणी उभा राहतो आणि अमेरिकेच्या सीमेवर पकडल्या जाणाऱ्या स्थलांतरितांमध्ये सापडतो. बंदूक त्याच्यावरही रोखली जाते. पण नुसते घाबरवून त्याला सोडलेले नाही. ज्या लोकांच्या अनुभवांवरून हे उभे केले, त्यांचे चेहरे आणि त्यांची हकीगत शेवटी भेटते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्याची गोष्ट, त्याची साक्ष!

या माध्यमात दिग्दर्शकाची सत्ता कमी होते. झटपट दृश्ये बदलली तर प्रेक्षकाला गरगरते. चेहरा जवळ आणून 'इकडे पाहा' असे बजावता येत नाही. आवाज आणि उजेड यांनीच लक्ष वेधावे लागते. मार खाणाऱ्याकडे पाहायचे की पाठ फिरवायची, हे आता प्रेक्षकाच्या मानेवर आहे. ही मोकळीक आहे, तशीच जबाबदारीही आहे.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले. आनंद गांधी यांच्या मेमेसिस संस्थेने २०१६ साली 'एल्सव्हीआर' सुरू केले. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' करणाऱ्या फैजा खान यांनी छत्तीसगडमधील कोरबाच्या कोळसा खाणींपायी जमीन गमावणाऱ्यांची कहाणी या तंत्राने टिपली.

आता थोडा हिशेब मांडू. २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या वर्गणीदारांना दहा लाखांहून अधिक पुठ्ठ्याची यंत्रे फुकट वाटली. गुगलने ती पुठ्ठ्याची यंत्रे विकणे २०२१ साली बंद केले. फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलस कंपनीच्या कथाविभागाला 'हेन्री' या चित्रपटासाठी २०१६ साली एमी पारितोषिक मिळाले. २०१७ साली तो विभागच बंद झाला. २०२४ साली ॲपलने आणलेल्या यंत्राची किंमत होती सुमारे साडेतीन हजार डॉलर! स्वस्त ते गेले, महाग ते आले. उद्याच्या गोष्टी फक्त असे यंत्र परवडणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी बनल्या, तर गरीब माणूस त्यात केवळ पाहण्याची वस्तू म्हणून उरेल.

म्हणून तरुण मित्रांनी या तंत्राला नाके मुरडू नयेत आणि भुलूनही जाऊ नये. चहूबाजूंनी टिपलेले चित्रपट यूट्यूबवर साध्या मोबाईलवरही पाहता येतात. मुलांसोबत एखादा जरूर पाहा. पाहून झाल्यावर घरात तीन प्रश्न विचारा : ही गोष्ट कोणाची? कॅमेरा कोणाच्या हाती? आणि हे पाहून आपण काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. ते आपणच द्यायचे आहे.