‘मुलगाच तो, चिडणारच!’ खरंच?

कॉलेजात कुणी हात उचलला की एक वाक्य ठरलेलं, ‘मुलगाच तो, चिडणारच. निसर्गच तसा!’ मग जरा सीरियन हॅमस्टर बघा. त्यांच्यात मादी नरापेक्षा मोठी आणि जास्त भांडखोर. साधारण दर ४ दिवसांनी येणारा माज सोडला, तर ती नराला जवळही फिरकू देत नाही. घरातल्या उंदरांत हद्दीसाठी नर भांडतात हे खरं. पण अंगावर पिणारी पिल्लं असली की मादीही घुसखोरावर तुटून पडते. म्हणजे कोण, केव्हा, कशासाठी भांडणार, हे जातीवर आणि परिस्थितीवर ठरतं. नुसतं नर असण्यावर नाही. आणि आपण तर उंदीरही नाही! तेव्हा मित्रांनो, आपला राग निसर्गाच्या नावावर खपवू नका.