पिल्लाची आई कुठे आहे?

मयूर विहारातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या बागेत गेल्या हिवाळ्यात एक नवे पिल्लू दिसू लागले. पांढरे, कुरळ्या केसांचे, दोन ओंजळींत मावेल एवढे. शेजारच्या कुटुंबातील नातीने अभिमानाने त्याची जात सांगितली : ‘माल्टिपू’. माल्टीज आणि पूडल या दोन जातींच्या संकरातून जन्मलेले. किंमत ७० हजार रुपये. पिल्लाचा ताबा एका मेट्रो स्थानकाच्या वाहनतळावर, मोटारीच्या मागच्या आसनावरील टोपलीतून देण्यात आला होता. सहाव्या महिन्यात ते पिल्लू चालता चालता मागचा एक पाय उचलून धरू लागले. चार पावले तीन पायांवर टाकायची, मग पुन्हा चौथा टेकायचा. पशुवैद्यांनी पाहिले आणि सांगितले की गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, दोष बहुधा आनुवंशिक आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. मग त्यांनी सहज विचारले, ‘याच्या आईला असा त्रास होता का?’ घरातील कोणालाही उत्तर देता आले नाही. आईला कोणी पाहिलेच नव्हते. विक्रेत्याचा भ्रमणध्वनी तोवर बंद झाला होता.

संस्थेतील ज्येष्ठांनी या घटनेवर निकाल द्यायला फार वेळ घेतला नाही. ‘भेसळ केली की असेच होणार, शुद्ध जातीचे घ्यायचे होते,’ असे बहुतेकांचे मत पडले. पिल्लाच्या दुखण्याइतकेच हे मतही मला अस्वस्थ करणारे वाटले, कारण सरकार दरबारीही याच विचाराचा प्रभाव आहे आणि त्यामुळेच खरा दोषी सुटतो आहे.

‘संकर’ या शब्दाला आपल्याकडे दोन परस्परविरोधी अर्थछटा आहेत. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला ज्या अनर्थांची धास्ती वाटली, त्यांत वर्णसंकर होता. दुसरीकडे, संकरित ज्वारी आणि संकरित गाय यांनी गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्राच्या शेतीची घडी बदलली. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ची स्थापना केली आणि विदेशी वळूंच्या रेतनातून संकरित गाई शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेल्या. त्या कार्यक्रमावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. विशेषतः संकरित गोऱ्ह्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आजही अवघड आहे. पण तिथे संकराला एक प्रयोजन होते आणि वळू कोणता, गाय कोणती, दूध किती, याच्या नोंदी ठेवण्याची शिस्त होती. माल्टिपूच्या व्यवहारात यांपैकी काहीच नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘शुद्ध जात’ ही कल्पना तशीही फार काळ पटत नाही. आमच्या दिल्लीपासून फार दूर नसलेल्या रामपूरचे उदाहरण घ्या. रामपूर हाउंड ही आज अस्सल भारतीय जात म्हणून मिरवली जाते. २००५ मध्ये टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. ही जात नवाब अहमद अली खान यांनी अफगाणिस्तानातील ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून घडवली, असे सांगितले जाते. एकाचा चिवटपणा आणि दुसऱ्याचा वेग त्यांना शिकारीसाठी हवा होता. आजच्या भाषेत बोलायचे तर हे मागणीनुसार घडवलेले कुत्रे होते. त्याच तिकीटसंचात असलेल्या मुधोळ हाउंडची कथा मराठी वाचकांच्या अधिक जवळची आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातील सडपातळ शिकारी कुत्र्यांची निवडक पैदास केली आणि त्यांची एक जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली, तेव्हा कुठे त्या कुत्र्यांना जगभर ‘मुधोळ’ हे नाव मिळाले. त्याआधी ती नुसती दख्खनची शिकारी कुत्री होती. डोबरमन हे नाव तर जर्मनीतील आपोल्डा गावच्या एका करवसुली अधिकाऱ्याचे आहे. वसुलीच्या फेरीत सोबत करणारा धाकदायक राखणदार हवा, म्हणून त्याने हाताशी असलेल्या कुत्र्यांचा संकर केला. महसूल खात्यात उमेदवारी केलेल्यांना त्याची गरज सांगावी लागणार नाही.

श्वानप्रदर्शने इंग्लंडमध्ये १८५९ पासून भरू लागली आणि लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला. वंशावळीची बंद वही आणि तिच्याबाहेर सोयरीक नाही, हा दंडक त्यानंतर रुळला. म्हणजे ज्याला आपण सनातन शुद्धता समजतो, तिचे वय जेमतेम दीडशे वर्षे आहे. त्या दीडशे वर्षांत बंद वहीने काय केले, याचा नमुना डाल्मेशियन या ठिपकेदार कुत्र्यात सापडतो. या जातीत यूरिक आम्लाचा उपजत दोष इतका सार्वत्रिक झाला होता की मूत्रखडे हा तिचा स्वभावधर्मच मानला जाई. १९७३ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या आनुवंशिकीतज्ज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. दोष गेला, ठिपके राहिले. तरीही अमेरिकन केनेल क्लबने या निरोगी कुत्र्यांना आपल्या वहीत जागा द्यायला २०११ साल उजाडले. अडतीस वर्षे शुद्धतेच्या रक्षणापायी आजार जपला गेला. तेव्हा संकर हा मुळातच अनीतीचा आहे, हे मी मान्य करू शकत नाही.

मात्र यातून आजच्या बाजाराला निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. या बाजाराचा उगम मोठा बोलका आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अंधांना वाटाड्या कुत्रे पुरवणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे अधिकारी होते. हवाईमधील एका दृष्टिहीन स्त्रीला कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले गेले. तिघांपैकी एकच पिल्लू त्या गृहस्थांना मानवले. उरलेल्या दोघांना कोणी घेईना, प्रतीक्षायादीतील लोकांना संकरित कुत्रे नको होते. तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव बनवून प्रसिद्धी करण्यात आली आणि मागणीची झुंबड उडाली. कुत्री तीच होती, बदलले होते फक्त नाव. आयुष्याच्या उत्तरार्धात कॉनरन यांनी आपल्या या निर्मितीबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. बेजबाबदार पैदासकार कोणतेही कुत्रे पूडलशी जोडून विकत सुटले, हे त्यांचे शल्य होते.

तीनपैकी दोन पिल्ले त्या मूळ कसोटीला उतरली नव्हती, हे जाहिरातीत कधीच येत नाही. ‘अॅलर्जी होत नाही’ हे वचन आजही प्रत्येक पूडल-संकरासोबत विकले जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये अशा तथाकथित निर्धोक जातींचे केस तपासले, तेव्हा त्यांत अॅलर्जी निर्माण करणारे प्रथिन इतरांपेक्षा कमी आढळले नाही. दुसरे वचन निरोगीपणाचे. इंग्लंडच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने ९,४०० हून अधिक कुत्र्यांची माहिती घेऊन कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तुलनेच्या सुमारे ८७ टक्के बाबतींत काहीच फरक दिसला नाही. संकरित कुत्रे अधिक निरोगी नव्हते आणि अधिक रोगटही नव्हते. कारण समजायला सोपे आहे. दोन जातींचे दोष वेगवेगळे असतील, तर संकरात काही झाकले जातात. दोष समान असतील, तर संकराचा उपयोग नाही. गुडघ्याची वाटी सरकण्याची प्रवृत्ती माल्टीजमध्येही आहे आणि छोट्या पूडलमध्येही. आमच्या शेजारचे पिल्लू त्याच हिशेबाने लंगडले. आई-बापांची तपासणी हा त्यावर एकमेव उपाय होता आणि त्यासाठी आई-बाप कोण हे कोणाला तरी ठाऊक असणे आवश्यक होते.

नेमका हाच प्रश्न आपली धोरणे टाळत आली आहेत. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून तेवीस ‘हिंस्र’ जाती आणि त्यांचे संकर यांवर बंदी घालण्यास सांगितले. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी महिन्याभरात ते रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्याची साधी पायरीही गाळली गेली होती. मयूर विहारपासून हाकेच्या अंतरावरील गाझियाबादने त्याआधीच, २०२२ मध्ये, तीन जातींवर बंदी घातली होती. दुसऱ्या टोकाला देशी जातींच्या गौरवाची मोहीम आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण बंदी असो वा गौरव, दोन्हींचा विचार नावापाशी थांबतो. संकरित पिल्लाच्या पोटी कोणत्या जातीचे रक्त किती, हे तपासणारा पोलीस शिपाई मला अद्याप भेटलेला नाही.

खरे तर आवश्यक नियम आपल्याकडे २०१७ पासून आहेत. श्वान पैदास व विपणन नियमांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांखालील किंवा आठ वर्षांवरील मादीपासून पैदास करता येत नाही. वर्षात एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा तिला व्यायला लावता येत नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. या नियमांत जातीचे नाव गौण आहे आणि केंद्रस्थानी आहे ती मादी. मला हे या नियमांचे मोठेपण वाटते. पण त्यांच्या पाठीशी उभा असलेला कायदा १९६०चा आहे आणि त्याच्या कलम ११ खाली क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. ७० हजारांच्या पिल्लामागे पन्नास रुपये हा दंड नव्हे, तो वाहनतळाचा आकार झाला.

आणि हिशेब न ठेवलेल्या या मालाचे शेवटी काय होते? गेल्या मे महिन्यात संजय झीलच्या कडेला एक हस्की जातीचे कुत्रे मी पाहिले. गळ्यात पट्टा, अंगावर बर्फाळ प्रदेशाची लोकर आणि वर दिल्लीचे ऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत आधी सरसकट निवाऱ्यांचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो सौम्य केला, तेव्हा देशभर दोन तट पडले. त्या गदारोळात रस्त्यावरील कुत्र्यांचा विचार झाला, त्यांना खाऊ घालणाऱ्यांचा झाला, त्यांनी चावा घेतलेल्यांचा झाला. घराघरांत बेहिशेबी कुत्री ओतणाऱ्या पैदासकाराचा उल्लेख क्वचितच ऐकू आला.

इंग्लंडने एप्रिल २०२० पासून एक साधा नियम लागू केला आहे. सहा महिन्यांखालील पिल्लू मध्यस्थामार्फत विकता येत नाही. ते जिथे जन्मले तिथेच, त्याच्या आईसोबत ग्राहकाला दाखवले पाहिजे. पैदास केंद्रात पिळून निघालेल्या ल्युसी नावाच्या एका कुत्रीचे नाव या कायद्याला लोकांनी दिले आहे. आपल्याकडे त्यासाठी नव्या अधिनियमाचीही गरज नाही. दिल्लीत पाळीव कुत्र्याची नोंदणी महापालिका अधिनियम १९५७च्या कलम ३९९ खाली सक्तीची आहे. त्या नोंदणीच्या वेळी पैदासकाराचा नोंदणी क्रमांक आणि मातेचा मायक्रोचिप क्रमांक मागावा. क्रमांक नसेल, तर मालकाला शिक्षा न करता विक्रेत्याचा माग काढावा. टाकलेले कुत्रे सापडले, तर त्याच धाग्याने मूळ गोठ्यापर्यंत जाता येईल.

आमच्या भागात नोंदणीकृत पैदासकार किती, अशी विचारणा मी माहिती अधिकारात एका कार्यालयाकडे केली. उत्तर मुदतीत आले, याचे कौतुक केले पाहिजे. ‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षांच्या सेवेत किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही. आपण ते कोणाकोणाला लिहिले होते, हे आठवत मी त्या सायंकाळी बराच वेळ बसून होतो. पहिले अपील गेल्या आठवड्यात दाखल केले आहे. पिल्लाची शस्त्रक्रिया झाली असून ते आता चारही पायांवर चालते. नातीने त्याच्या आईचा शोध अजून सोडलेला नाही.