शिक्षा कुणाला?

गर्दबाबत दोनच बाजू मांडल्या जातात : बंदी कडक करा, नाहीतर विक्री कायदेशीर करा. दोन्हींच्या हिशेबात बाई कुठेच नाही.

१९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात गर्द ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. भिवंडीत मागावर १२ तासांची पाळी करणारा पकडला गेला की रोजी बुडते; वकील, जामीन, घरभाडे सारे बायकोच्या माथी. त्याच कायद्याचे कलम ६४अ म्हणते, व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर नशा केल्याबद्दल खटला नाही. हे आमच्या वस्तीत किती जणींना कुणी सांगितले?

मग विक्री कायदेशीर करायची? दारू कायदेशीरच आहे : महसूल सरकारला, मार बाईला. चंद्रपूरच्या बायकांनी लढून २०१५मध्ये दारूबंदी मिळवली. २०२१मध्ये ती उठवताना बुडालेला महसूल मोजला गेला, मोडलेले संसार नाही. कोडीनचे खोकल्याचे औषधही चिठ्ठीवरच मिळायचे; तरी नशेसाठी बाटल्या चोरून विकल्या जातातच.

मैत्रिणींनो, आपली मागणी तिसरी आहे : विकणाऱ्याला तुरुंग, ओढणाऱ्याला दवाखाना. सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा मागूया, आणि ६४अ वस्तीवस्तीत वाचून दाखवूया.