आंतरराष्ट्रीय संबंध आणि आमचा कांदा

बी. ए. झाल्यावर आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम. ए. करावयाचे मी ठरविले आहे. घरी सांगितले तेव्हा आण्णा म्हणाले, “त्यापरीस बी. एड. कर, पोटाला तरी मिळंल.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला; तेव्हा त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वाईट वाटले ते वर्गमित्र हसले याचे. “राजदूत होणार का रे?” जणू हा विषय दिल्ली-मुंबईच्या बंगल्यांतील मुलांना आंदण दिलेला आहे!

मी बारावीत असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावला आमचा ट्रॅक्टर उभा, आणि भाव डोळ्यांदेखत खाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. पण मधल्या काळात बांगला देश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारिन व संयुक्त अरब अमिरात या सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठविण्यास सरकारने परवानगी दिली होती. “ह्येच सहा का?” आण्णांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. अर्थशास्त्राचे पुस्तक मागणी-पुरवठा सांगते; अडचणीतल्या शेजाऱ्याला कांदा दिला की काय साधते, आणि नाही दिला तर तो कोणाच्या दारी जातो, हे त्यात सापडत नाही. ते ज्या विषयात सापडते तो बंगलेवाल्यांचा कसा?

शिवाय या विषयाचे जगातले पहिले अध्यासन लंडनला नव्हे, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावी १९१९ साली निघाले. पहिल्या महायुद्धातून परत न आलेल्या तिथल्याच विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. आपल्याकडे दिल्लीला १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. तिथे जायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बंगला लागत नाही.

अडचण आहे ती इंग्रजीची. मॉर्गेंथाऊ यांचा १९४८ सालचा प्रसिद्ध ग्रंथ मी ग्रंथालयातून आणला. शब्दकोश उशाशी घेऊन बसलो, तरी पहिल्या वीस पानांना तीन आठवडे लागले. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की “तुला झेपणार नाही” असे सांगण्याऐवजी आठवड्यातून एक तास आम्हांला असे ग्रंथ वाचावयास शिकवावे. नोट्स नकोत. नोट्स बाजारात मिळतात.

नोकरीची हमी नाही, हे मला कबूल आहे. बी. एड. करूनही घरी बसलेले दोघे आमच्याच गल्लीत आहेत, ते सोडा.

एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्ण उठले. परवा त्याबद्दल बोलणे निघाले तेव्हा आण्णा म्हणाले, “शुल्क गेलं, मग बांगला देश पहिल्यासारखा माल का उचलीत न्हाई?” मी म्हटले, त्यासाठीच तर दोन वर्षे मागतो आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.